श्रिंप: आधी जीव की आधी टोमणा?

शब्दकिडा: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की 'श्रिंप' हे मुळात फक्त त्या कोळंबीसारख्या जिवाचं नाव आणि किरकोळ माणसाला श्रिंप म्हणणं ही अलीकडची अमेरिकन टवाळी. डोकंच फिरलं. अहो, इंग्लिश कवी चॉसरच्या कँटरबरी टेल्समध्ये, म्हणजे १४व्या शतकाच्या शेवटी, फुसक्या माणसांना श्रिंप म्हटलंय, तेव्हा कोलंबस जन्मायचा होता! शब्दाचं नातं जर्मनिक भाषांतल्या आकसणे-सुरकुतणे अशा क्रियापदांशी लावतात, म्हणजे आकसलेलं ते श्रिंप, मग जीव असो नाहीतर माणूस.

निवांत_नाना: पोस्ट माझीच. बरं, 'अलीकडची' खोडतो, तुमचा चॉसर तुम्हाला लखलाभ. पण जिवाचं नाव आधीचं नव्हतं हे तुम्ही तरी कुठे दाखवलंत?

मीठपाणी: त्याच पोस्टमध्ये 'लहान तो श्रिंप, मोठा तो प्रॉन' असंही होतं, त्याचं काय? कल्ल्यांवरून ठरतं ते! फांद्या फुटलेले कल्ले आणि अंडी सरळ पाण्यात सोडणारे प्रॉन, पानासारखे कल्ले आणि अंडी पोटाखाली वागवणारे श्रिंप. आकार बघून नावं ठेवणाऱ्यांचा मला संताप येतो.

तिरकस: मग 'जायंट फ्रेशवॉटर प्रॉन'चं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचं, काय करायचं? तो अंडी पोटाखालीच वागवतो की. नावं बोलणारा कुठला त्यावर पडतात हो. अमेरिकेत सरसकट श्रिंप, ब्रिटनमध्ये मोठ्याला प्रॉन. ऑस्ट्रेलियावाले स्वतः प्रॉन म्हणतात, तरी १९८४ च्या त्यांच्या टुरिझमच्या जाहिरातीत त्यांचाच नट पॉल होगन बार्बेक्यूवर श्रिंप टाकायच्या गोष्टी करतो, कारण गिऱ्हाईक अमेरिकन.

मीठपाणी: मी प्रॅक्टिकलला दोन्ही चिरून बघितलेत, तुम्ही बसा जाहिराती बघत.

तिरकस: चिरताना नाव सांगितलं का त्यांनी?

खाडाखोड: मी अनुवाद करते. एका अमेरिकन क्लायंटने माझे सगळे प्रॉन खोडून श्रिंप केले, नंतरच्या ब्रिटिशाने बरोब्बर उलटं केलं, आणि दोघांनीही वर शेरा मारला की इंग्लिश सुधारा. कल्ले कोणी विचारले नाहीत.

शब्दकिडा: अरे सगळे प्रॉनच्याच मागे काय लागलात? त्याचं मूळ कोशवाल्यांनाही सापडलेलं नाही, १५व्या शतकात कुठूनसा उगवतो. माझा मुद्दा चॉसर होता!

निवांत_नाना: दिला ना चॉसर वर, अजून काय पावती हवी? आता अनेकवचन श्रिंप की श्रिंप्स एवढं तरी काढू नका.

मीठपाणी: वेगवेगळ्या जाती असतील तर श्रिंप्स.