लेखनाच्या वर्गाला जातेय, संज्ञांची बोंब आहे. काय वाचू?

हिशेबनीस: पुढच्या महिन्यापासून सर्जनशील लेखनाच्या वर्गाला जातेय. दहावीनंतर मराठीच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. ओळखीच्या तासालाच बाई म्हणाल्या, "आधी निवेदक ठरवा, आणि प्रत्येक प्रतिमेला प्रतीक करायला जाऊ नका." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. कळलं शून्य. 'जणू, गमे, वाटे' आलं की उत्प्रेक्षा अलंकार, एवढीच माझी पुंजी. काहीतरी सुचवा, फार जाडजूड नको.

पानगळ: आधी फुकटातलं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यात अलंकार, रस यांवरच्या नोंदी वाचा. वाङ्मयकोशाचा समीक्षा-संज्ञांचा खंड ग्रंथालयात बसूनच चाळा, जाडजूड आहे. 'अ'पासून सुरू केलंत तर महिन्याभरात लेखन सोडाल.

जुना_खोडरबर: ताई, अलंकार राहू द्या, आधी शब्दशक्ती घ्या, म्हणजे शब्दातून अर्थ कळण्याच्या रीती. तीनच आहेत. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणेचं ठरलेलं उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा': प्रवाहावर वाडा कसा असेल, म्हणून आपण 'काठावर' असं समजून घेतो. आणि व्यंजना, म्हणजे न बोललेलं ऐकू येणं. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'सूर्य मावळला' एवढं एकच वाक्य घेतलंय. सेनापतीला ते शत्रूवर चालून जायची वेळ झाली असं ऐकू येतं, मजुराला काम थांबवा, गुराख्याला गाई आत घ्या, दुकानदाराला माल आवरा, आणि वाट बघणारीला तो अजून आला नाही. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित, पण संवाद कसे लिहावेत याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही. पुढे वाचावंसं वाटलं तर ग. त्र्यं. देशपांडे यांचं 'भारतीय साहित्यशास्त्र' घ्या. सोपं नाही, सावकाश.

तिरकी_रेघ: खोडरबरकाका, त्यांना कथा लिहायच्यात, पाठशाळेत बसायचं नाहीये! :)
निवेदकासाठी पुस्तक नको. स्वतःचा एक परिच्छेद घ्या आणि 'तो'च्या जागी 'मी' घाला. 'त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसत होता' याचं 'माझ्या चेहऱ्यावर दिसत होता' झालं की अडखळायला होतं, कारण 'मी'ला आपला चेहरा दिसतो कुठे? म्हणजे त्या वाक्यात बघणारा तिसराच कुणी होता. तोच निवेदक. लेखक नव्हे, हे विसरू नका.
प्रतिमा आणि प्रतीक: गळकी छत्री एकदा नीट डोळ्यांपुढे उभी राहिली की प्रतिमा. तीच परत परत येऊन छत्रीपलीकडचं काही सांगू लागली की प्रतीक. ते आपोआप झालं तर ठीक. ठरवून केलं की वाचकाला वास येतो.
आणि 'जणू'चं ते सूत्र परीक्षेपुरतं. 'जणू काही झालंच नाही' यात कसली उत्प्रेक्षा?

हिशेबनीस: सगळ्यांचे आभार. काकांचा खेळ ऑफिसात खेळून बघितला. वाक्य घेतलं 'मार्च आला'. साहेब म्हणाले तर रजा मागू नका. शिपाई म्हणाला तर पंखे लावू का. आई म्हणाली तर मिरच्या आणायला हव्यात. मुलगा म्हणाला तर टीव्ही बंद. इथवर मजा आली. पण तेच वाक्य कुणीच बोललं नाही, नुसतं निवेदकाने लिहिलं, तर ते कुणाला ऐकू येतं?