शाळा समितीचं अध्यक्षपद घ्यावं का?

प्रश्न
माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. शनिवारी पालकसभा आहे, त्यात शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायचीय. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही अध्यक्ष व्हा, तुम्ही निदान वाचून सही कराल." घरचे म्हणतात, नसती भानगड. गावात कुजबुज अशी की नाव आधीच ठरलंय. निवडणूक खरंच होते का? आणि पुढे काम काय असतं? नुसत्या सह्याच असतील तर मला नको.

उत्तर (प्राथमिक शिक्षक)
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ बघा. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच. मुदत दोन वर्षं, बैठक महिन्याला, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. मतपेटी वगैरे काही नसतं. एकानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. बहुतेक ठिकाणी बिनविरोधच होतं.

उत्तर (माजी अध्यक्ष, दोनदा)
ताई, नाव ठरलेलं असतं हे खरंय. माझंही तसंच झालं. गावातल्या दोन गटांचं जुळेना, म्हणून "हा कुणाचाच नाही" असं म्हणून मला पुढं केलं. चहा यायच्या आत अध्यक्ष झालो.

पहिले सहा महिने मी नुसत्या सह्याच केल्या. शाळेतलं पोरगं रजिस्टर घेऊन शेतात यायचं, मी बांधावर बसून सही ठोकायचो. एकदा पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबलो आणि सहज वाचलं. अमुक तारखेला बैठक झाली, अध्यक्षस्थानी मी. त्या दिवशी मी साडूच्या पोरीच्या लग्नात वाढपी होतो! कुणी पैसे खाल्ले नव्हते, गुरुजींना फक्त कागद पुरा करायचा होता. पण लाज वाटली. तेव्हापासून बैठक अमावस्येला ठेवली. त्या दिवशी आमच्याकडं औत जुंपत नाहीत, माणसं मोकळी सापडतात.

पैशाचं म्हणाल तर आमचा पट ८०, त्यामुळं समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार. त्यातलं निदान १० टक्के स्वच्छतेवर घालावं लागतं. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती. भांडावं एवढी रक्कमच नाही, तरी भांडणं होतात. एका मार्चमध्ये निम्म्या समितीला दर्शनी भिंत रंगवायची होती, आणि मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. ही कडीची गोष्ट एकाही पुरुषाला माहीत नव्हती, मलाही नाही. एका सदस्य बाईंनी खाली बघत सांगितली. कडी बसली, भिंत राहिली. भिंतवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरं म्हणजे चव नोंदवही. पोषण आहार पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी खाऊन त्यात शेरा लिहायचा असतो. आम्ही आयांच्या पाळ्या लावल्या. "वरण पातळ" असं तीनदा लिहून आलं, चौथ्यांदा घट्ट झालं. आवाज चढवावा लागला नाही.

दुसऱ्या वेळी मात्र लढत झाली. हात वर करून मतं, आणि मी चार हातांनी आलो. पाळीला येणाऱ्या बाया त्या दिवशी मजुरी बुडवून सभेला आल्या होत्या.

ती मुदत काही पुरी झाली नाही. पोरगी चौथी पास होऊन दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, पालक नाही म्हटल्यावर सदस्यत्वही गेलं. ती पास झाली आणि मी पडलो. तुमचा मुलगा दुसरीत आहे, तुम्हाला दोन वर्षं पुरी मिळतील.

उत्तर (एक पालक)
आमच्याकडे अध्यक्ष बाई आहेत, पण बैठकीला त्यांचे मिस्टर येतात. घरच्यांना आधीच विचारून घ्या की सभेला कोण जाणार.

प्रश्नकर्ती
घरी विचारलं. "तूच जा, मला वेळ नाही" असं उत्तर मिळालं, म्हणजे बरंच झालं. दादा, जुनं इतिवृत्त शनिवारच्या आधी बघायला मागता येतं का?

माजी अध्यक्ष
येतं की. बैठकीचा वृत्तांत लोकांना बघायला मिळायलाच हवा. मोठ्या बाईंनीच तुमचं नाव काढलंय, त्या नाही म्हणायच्या नाहीत. मागच्या मार्चपासून वाचायला घ्या. आणि सह्या बघा, सगळ्या एकाच पेनच्या आहेत का.