'मायोर डोमुस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: फ्रँक लोकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या आसपास राज्य केलेल्या लोकांच्या, इतिहासावर मराठीत लिहितो आहे. त्यांच्या पहिल्या, मेरोव्हिंजियन घराण्यातल्या राजांच्या दरबारातल्या 'मायोर डोमुस' या पदाला 'पेशवा' म्हटलं तर चालेल का? राजा नावापुरता, सत्ता दुसऱ्याकडे, हे वाचकाला चटकन कळेल.

उत्तर: कळेल, पण चुकीचं कळेल. 'पेशवा' हा फारसी शब्द. अर्थ पुढारी, अग्रणी. ते पद राज्याचंच. 'मायोर डोमुस' म्हणजे घरातला थोरला. राजवाड्याचा खर्च, नोकरचाकर, राजाच्या जमिनी बघणारा माणूस. जमीन कुणाला मिळणार हे ज्याच्या हाती, त्याच्याभोवती सरदार गोळा होणारच.

मी 'कारभारी' लिहीन. खेड्यात बायको नवऱ्याला अजून 'आमचं कारभारी' म्हणते, म्हणजे घर या शब्दात आहेच. शिवाय पेशव्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रं घेतली, गादी घेतली नाही. फ्रँक कारभाऱ्यांनी ती घेतली. सातव्या शतकात ग्रिमोआल्ड या कारभाऱ्याने आपल्या मुलाला गादीवर बसवलं, ते अंगाशी आलं. ६८७ मध्ये टेर्त्रीच्या लढाईत फ्रँक राज्याच्या पूर्व भागाचा, ऑस्ट्रेशियाचा, कारभारी पेपिन याने पश्चिम भागाला, न्यूस्ट्रियाला, हरवलं. त्याचा मुलगा चार्ल्स मार्टेल. ७३७ मध्ये राजा वारला, तर या चार्ल्सने ७४१ पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, गादी रिकामीच ठेवली! आणि ७५१ मध्ये चार्ल्सचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा पेपिन, राजाच झाला. 'पेशवा' लिहिलंत तर हा शेवट वाचकाच्या मनात बसणार नाही.

दुसरं उत्तर: 'कारभारी' पटलं. फक्त प्रत्येक वेळी 'ऑस्ट्रेशियाचा', 'न्यूस्ट्रियाचा' असं लिहा. दोन्हीकडे वेगळे कारभारी असत, भांडण त्यांच्यातच होतं.

प्रश्नकर्ता: आभार, बदलतो. आता ७५१ चं वाक्य अडलंय. शेवटचा राजा तिसरा चिल्डेरिक, त्याचे केस कापून त्याला मठात धाडलं. 'मुंडन' की 'केशवपन'?

उत्तर: 'केशवपन' म्हटलं की आपल्याला विधवाच आठवते. 'मुंडन' बहुधा संस्काराचं किंवा नवसाचं. इथे लांब केस हीच राजवंशाची खूण होती. ते गेले की राजेपण गेलं. तेव्हा साधं 'केस उतरवले' लिहा आणि कारण एका वाक्यात सांगा.

सहाव्या शतकातला बिशप आणि इतिहासकार तूर्सचा ग्रेगरी याने लिहिलेला प्रसंग जोडता आला तर पाहा. मेरोव्हिंजियन राजा क्लोव्हिसच्या दोन मुलांनी आपल्या आईकडे, राणी क्लोटिल्डकडे, कात्री आणि तलवार पाठवली: मेलेल्या भावाच्या मुलांचे, म्हणजे तिच्या नातवांचे, केस कापायचे की त्यांना मारायचं? ती म्हणाली, राज्य मिळणार नसेल तर केस कापलेले पाहण्यापेक्षा मेलेले बरे. दोघं मारले गेले. तिसरा, क्लोडोआल्ड, वाचला. त्याने पुढे आपल्या हाताने केस कापले आणि धर्मसेवेत गेला. त्याच्यासाठी मात्र 'मुंडन' खुशाल वापरा.