मारवा आणि ती चिठ्ठी : वसंतराव मैफलीचे की 'कट्यार'चे?

धंतोलीकर

परवा इथं नागपुरातल्या एका छोट्या मैफलीला गेलो होतो. तिशीतला गायक, मारवा राग लावला होता. विलंबित छान रंगत होतं. कोमल रिषभावर तो अशा बेतानं थांबायचा की षड्जासाठी जीव टांगणीला लागावा. वीसेक मिनिटं झाली असतील, माझ्या पुढच्या रांगेतून एक चिठ्ठी निघाली आणि हातोहात स्टेजवर पोचली. गड्यानं मारवा आवरला आणि 'कट्यार'मधलं 'तेजोनिधी लोहगोल' धरलं. टाळ्या अशा पडल्या, जणू तोवर लोक बससाठी थांबले होते.

गवई वसंतराव देशपांड्यांचं नाव आपण सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला दिलं. ३० जुलैच्या पुण्यतिथीला त्यांच्या नावानं समारोह होतो. पण नागपूरकराला त्यांचं नेमकं काय आठवतं? 'कट्यार'मधली खाँसाहेबांची भूमिका! माझं म्हणणं स्पष्ट आहे. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकानं वसंतरावांना घराघरांत नेलं आणि मैफलीतल्या वसंतरावांना खाऊन टाकलं. हिशेब मांडा. जन्म १९२०, 'कट्यार'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७, मृत्यू १९८३. म्हणजे शेवटची सोळा वर्षं. गवयाचं डोकं आणि गळा दोन्ही पिकलेली असतात, नेमक्या त्याच वर्षांतल्या किती रात्री नाटकाच्या दौऱ्यावर गेल्या? त्यांचे गुरू बघा : इथं शंकरराव सप्रे, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, लाहोरचे असद अली खाँ. एवढ्या दारांतून आणलेली विद्या पाच मिनिटांच्या पदात किती मावणार?

पटत नसेल तर भांडा, पण मुद्द्यानं.

तबल्यामागचा

काका, तारखा बरोबर आहेत, वजाबाकी चुकली. १९६७ च्या आधी वसंतराव काय रोज मैफली करत होते? लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी खाँसाहेब उभा केला. त्यांची उमेदीची वर्षं खाल्ली असतील तर ती खात्याच्या लेजरनं. गवयानं पूर्ण वेळ गावं आणि घरही चालावं, याला नाटकानं हातभारच लावला असेल ना?

पण एक गोष्ट तुमच्या बाजूचीही सांगतो, कारण संगीत नाटकाच्या दौऱ्यांवर मी साथीला गेलो आहे. मैफलीत गवई पंधरा मिनिटं खर्जात घोळतो, गळा तापवतो. आवाज बसलेला असेल तर राग बदलतो, पट्टी अर्धा सूर उतरवतो, कोणाला कळतही नाही. नाटकात तसं नाही. विंगेत चहा पीत उभा, प्रवेश आला की आधी दोन पानं खणखणीत संवाद, आणि लगेच ऑर्गनवर सूर. ऑर्गनची पट्टी ठरलेली, पद ठरलेलं, सर्दी झालेली असली तरी तेच. पद संपलं की 'वन्समोर'. रात्री एकला प्रयोग सुटणार, गाडीत बसणार, उद्या अकोला, परवा अमरावती. संवाद गाण्यापेक्षा गळा जास्त मारतात, हे बाहेरच्याला पटत नाही. एका चांगल्या गायक नटाचा आवाज तीन सीझनमध्ये खरखरीत झालेला मी कानानं ऐकलाय.

म्हणजे नाटकानं गळ्याची किंमत घेतली असं म्हणा, ऐकून घेईन. विद्या वाया गेली म्हणू नका. वसंतरावांचं पद पाच मिनिटांत कधी संपायचं? रंगात आले की तिथंच मैफल मांडायचे.

महालातली मावशी

मी काय गाणं शिकलेली नाही. तरी लिहिते.

'कट्यार' पाहिलं तेव्हा मी आठवीत होते. आमच्या घरी नाटकाला जायची परवानगी होती, गाण्याच्या बैठकीला नव्हती. बैठक म्हणजे बाबा आणि त्यांचे मित्र, रात्रभर, आणि आतून चहा पाठवणाऱ्या आम्ही. दाराआडून जेवढं कानावर पडेल तेवढं. नाटकाला मात्र आई, आत्या, शेजारच्या दोघी, सगळ्या तिकीट काढून समोर बसल्या. एक घराणं दुसऱ्याला गाणं काहून देत नाही, पोरगं चोरून काहून शिकते, हे मला त्या रात्री कळलं. राजगायकाला कट्यार मिळते आणि तिनं केलेला एक खून माफ असतो. या एका कल्पनेत गवयांच्या जगातलं केवढं क्रौर्य दाखवून ठेवलं हे नाटक लिहिणाऱ्या दारव्हेकर मास्तरांनी! मास्तर आपल्या नागपूरचे, हे पोरांना सांगावं लागते आता.

मैफलीतले वसंतराव कोणी खाल्ले म्हणता? आम्हाला तर ते वाढलेच नव्हते बाप्पा. नाटकानं पहिला घास दिला.

कोमल निषाद

मावशींचं लिहिणं हृद्य आहे, पण धाग्याचा प्रश्न 'आम्हाला काय मिळालं' हा नाही. गवयाचं काय झालं, हा आहे.

जितेंद्र अभिषेकी बघा. 'कट्यार'ची पदं त्यांनीच बांधली. त्याआधी 'मत्स्यगंधा', 'ययाती आणि देवयानी'. पण चाल देऊन ते तंबोऱ्यांमध्ये परत गेले. नाटकाला त्यांनी बुद्धी दिली, चेहरा दिला नाही. म्हणून अभिषेकींना कोणी 'अमुक भूमिकेतले' म्हणत नाही. वसंतरावांनी चेहरा दिला, आणि लोक चेहराच लक्षात ठेवतात. दाढी, टोपी, डोळे. त्यांचा मारवा शांतपणे ऐका एकदा. लयीशी चाललेली ती झटापट, मधेच तिसरीकडूनच येणारी तान. याला नाटकाची गरज काय होती? मी धंतोलीकरांच्या बाजूनं.

रेशीमबागवाला

मधेच तिसरीकडून येणारी तान कुठून आली, हे विचारा की. ती दीनानाथांकडून आली! मास्टर दीनानाथ म्हणजे बलवंत संगीत मंडळी, म्हणजे रंगभूमी. लहानपणापासून वसंतरावांच्या कानात ते गाणं होतं. तुम्ही मारव्यात जे मैफलीचं म्हणून ऐकता, ते मुळात नाटकातूनच आलेलं आहे. १९६७ ला ते नाटकात 'गेले' हेच चूक. लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' सिनेमात कृष्ण झालेला पोरगा तो.

आणि मैफल सोवळी, नाटक ओवळं, ही वाटणी मराठी गाण्यात टिकतच नाही. भास्करबुवा बखल्यांसारख्या मैफलीच्या गवयानं १९१६ ला 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या तेव्हा त्यांना कोणी हलकं म्हटलं नाही. आणखी जवळचं सांगतो. रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, किराणा घराण्याची विलंबित लय. त्यांना 'सवाई गंधर्व' ही पदवी नाटकातल्या कामावरून मिळाली, आणि ती देणारे आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. आज पुण्यातल्या ज्या महोत्सवात गाण्यासाठी ख्यालगायक आयुष्यभर धडपडतात, त्या महोत्सवावर नाटकवाल्याचं नाव आहे. आता बोला.

धंतोलीकर

सवाईंचा मुद्दा लागला. मान्य. पण तो अर्धाच सांगितलात. रामभाऊ नाटकातून बाहेर पडले, कुंदगोळला राहिले, आणि त्यांच्याकडून भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल घडले. नाटक सुटलं म्हणून शिकवणं जमलं. दौऱ्यावरच्या माणसानं कोणाला समोर बसवायचं, आणि कधी?

दीनानाथांच्या मुद्द्यावर मला जरा विचार करावा लागेल. तिथं मी घाईनं लिहिलं.

बर्डीचा पोट्टा

काका, मी तर २०१५ च्या सिनेमातून आलो. खाँसाहेब सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांड्यांचा. तिथून मागे गेलो तर वसंतरावांच्या 'कट्यार'च्या रेकॉर्ड, तिथून आणखी मागे गेलो तर मारवा. म्हणजे माझा रस्ता उलटा. तुम्ही म्हणून राहिले की नाटकानं मैफल गिळली, माझ्या बाबतीत नाटकानं मला मैफलीच्या दारात नेऊन सोडलं. आत जायला दोन वर्षं लागली ते वेगळं. पहिल्यांदा विलंबित ऐकताना झोपलो होतो, खोटं काहून बोलू?

रेशीमबागवाला

शिष्यांच्या मुद्द्याला पोट्ट्यानं न कळत उत्तर देऊन टाकलं. आजोबा गेले तेव्हा राहुल देशपांडे जेमतेम तीन-चार वर्षांचे. समोर बसून शिकण्याचा प्रश्नच नव्हता. तरी नातवानं २०१० ला 'कट्यार' पुन्हा उभं केलं, आणि मैफलही सोडली नाही.

कोमल निषाद

नातू अपवाद आहे. अपवादावर घर बांधू नका. बाकी किती तरुण गायक 'कट्यार'ची चार पदं गाऊन सीझन काढतात, मोजा.

महालातली मावशी

काढू द्या की. त्यांनाही पोट आहे. वसंतरावांना होतं तसंच. त्यांच्या माउलीनं एकटीनं नागपुरात पोराला वाढवलं, ते काय फक्त मारवा गावा म्हणून?

तबल्यामागचा

आता एक सांगूनच टाकतो. आधी मुद्दाम बोललो नव्हतो. परवाच्या त्या मैफलीत तबल्यावर मीच होतो.

काका, चिठ्ठीवर राग काढू नका. त्यात 'कट्यार'चं पद नव्हतंच, कोणीतरी भैरवीत अमुक गा म्हणून लिहिलं होतं. गायकानं ती न उघडताच पेटीवाल्याच्या मांडीखाली सरकवली. कार्यक्रम ठरवतानाच त्याला सांगितलेलं होतं, एक राग, मग नाट्यपदं, साडेनऊला हॉल रिकामा.

धंतोलीकर

म्हणजे चिठ्ठी आली नसती तरी मारवा तेवढाच?

तबल्यामागचा

बावीस मिनिटं. घड्याळ माझ्या समोरच होतं. पण एक बघितलं नसेल तुम्ही. पद सुरू करताना त्यानं तंबोऱ्यावाल्याला खूण करून निषादाची तार पुन्हा पंचमावर आणवली. मारव्यातून बाहेर यायला त्याला तुमच्याइतकंच जड गेलं.