मदत हवी आहे: खातं प्रायव्हसी कमिशनरलाही कागद देत नाहीये (ऑस्ट्रेलिया)
मेलबर्नला असते. इथल्या एका केंद्रीय खात्याने माझी माहिती परस्पर दुसरीकडे दिली म्हणून प्रायव्हसी कमिशनरकडे (खासगी माहितीबद्दलच्या तक्रारी बघणारा सरकारी अधिकारी) तक्रार केलीय. आता खातं म्हणतंय काही कागद कमिशनरलाही दाखवणार नाही, का तर म्हणे सार्वजनिक हित. पण प्रायव्हसी अ‍ॅक्ट १९८८ चं कलम ७० वाचलं तर त्यात कागद दाखवणं सार्वजनिक हिताविरुद्ध आहे असं अ‍ॅटर्नी-जनरलचं (इथला कायदामंत्री) सर्टिफिकेट लागतं आणि कारणंही ठरलेली आहेत, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, कॅबिनेटमधली चर्चा, चालू तपास वगैरे, खात्याच्या मर्जीवर थोडंच आहे! ईमेल करून सर्टिफिकेट आहे का विचारलं तर परत तेच वाक्य कॉपी-पेस्ट. एफओआय (माहिती अधिकार) सुचवू नका, तो अर्ज वेगळा चालू आहे, आणि वकील परवडत नाही. सर्टिफिकेट निघालंय की नाही हे तक्रारदाराला कळवावं लागतं का, की कमिशनरच्या केस ऑफिसरलाच विचारायचं?