मुलीसाठी पहिला रिमोट कंट्रोल ट्रक: निवडताना काय पाहावे?

मुरमाड_मैदान

नमस्कार. माझी मुलगी या दिवाळीत आठ वर्षांची होईल. तिला मोठ्या चाकांचा, दगडांवरून चढणारा रिमोटचा ट्रक हवा आहे. गेल्या वर्षी आम्ही सातशे रुपयांचा एक ट्रक घेतला होता. घरातल्या फरशीवर तो छान धावत असे. पण सोसायटीमागच्या मुरमाच्या मैदानावर नेल्यावर तिसऱ्याच दिवशी मागच्या चाकातून करकर आवाज येऊ लागला आणि मोटर फिरत असूनही चाके फिरेनाशी झाली. दुकानात सुटे भाग मिळाले नाहीत. तो ट्रक तिने अजून कोणालाही टाकून देऊ दिलेला नाही, म्हणून या वेळी नीट विचार करूनच घ्यावा असे वाटते. सहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आकार, वेग आणि बॅटरी यांपैकी कशाकडे आधी पाहावे? आम्ही नाशिकला राहतो. खेळण्याची जागा म्हणजे तेच मैदान आणि इमारतीखालचे पार्किंग.

दातेरी_चाक

तुमच्या वर्णनावरून मागच्या गिअरचे दात झिजले असावेत. मोटरच्या दांड्यावरचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढच्या प्लास्टिकच्या गिअरला फिरवते. मुरमाचा खडा चाकात अडकला आणि मुलाने बटण दाबूनच ठेवले, तर सगळा ताण त्या चार-दोन दातांवर येतो. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न वेगाचा किंवा आकाराचा नसून सुट्या भागांचा आहे. गिअर, धुरा, स्टिअरिंगची सर्वो मोटर आणि बॅटरी या चार वस्तू त्याच ट्रकसाठी वेगळ्या विकत मिळतात का, हे खरेदीपूर्वी विचारावे. मिळत नसतील, तर ट्रक कितीही देखणा असला तरी तो घेऊ नये. तामिया या जपानी कंपनीने १९८७ साली आणलेला ‘लंच बॉक्स’ हा मॉन्स्टर ट्रक पुढे पुन्हा बाजारात आणला, आणि इतक्या जुन्या रचनेच्या गाड्या लोक आजही चालवतात, कारण त्या उघडता येतात, भाग बदलता येतो आणि स्क्रू आवळून त्या पुन्हा मैदानावर नेता येतात.

दुसरी गोष्ट रिमोटची. स्वस्त खेळण्यात बटण दाबले की पूर्ण वेग आणि सोडले की बंद, एवढेच असते; स्टिअरिंगही एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे वळते. चांगल्या रिमोटमध्ये ट्रिगर जेवढा दाबावा तेवढाच वेग येतो आणि चक्र जेवढे फिरवावे तेवढीच चाके वळतात. दुकानात ट्रिगर अर्धाच दाबून पाहावा. ट्रक हळू निघाला तर ठीक. एकदम उसळला तर बाजूला ठेवावा. दगडावर चढवणे हे सगळे या हळुवारपणावर अवलंबून असते, आणि मुलीला चालवण्याचा खरा आनंदही त्यातूनच मिळेल.

वेगाबाबत मी आग्रहाने सांगेन की कमीच घ्यावा. ताशी २० किलोमीटर हा आकडा खोक्यावर साधा वाटतो, पण त्या वेगाने ट्रक एका सेकंदात साडेपाच मीटर जातो; तुमचे पार्किंग वीस मीटर लांब असेल तर चार सेकंदांच्या आत समोरची भिंत येते. शिवाय ट्रक आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे भासते आणि ही सवय अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिला दगडांवरून चढवायचे असल्याने क्रॉलर प्रकारचा, चारही चाकांना जोर मिळणारा, हळू पण ताकदीने चालणारा ट्रक योग्य ठरेल. आकार १:१६ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या भागाच्या, आसपास असावा; १:२४ चा क्रॉलर घरात पुस्तकांच्या चढावर सुंदर चालतो, पण मुरमावर त्याची चाके फार लहान पडतात.

शिरीष_फुलोरा

वरील सल्ला योग्य आहे, मात्र एक मुद्दा राहून गेला आहे. सुटे भाग मिळणाऱ्या अनेक गाड्यांच्या खोक्यावर ‘१४ वर्षे व त्यावरील’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. आठ वर्षांच्या मुलीसाठी प्रथम हे चिन्ह असलेला ट्रक शोधावा. १४ वर्षांचा घेतलाच, तर तो ‘मुलीचा’ न समजता दोघांचा समजावा आणि बॅटरी कायम मोठ्यांच्या ताब्यात ठेवावी.

बॅटरीबद्दल मी अधिक काळजीपूर्वक लिहितो. लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरदार असते, पण तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होता कामा नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरता कामा नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. निकेल मेटल हायड्राइड बॅटरी जड असते, तिचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणून सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट होतात. पण ती अशी लाडावलेली नसते. पहिल्या ट्रकसाठी मी तीच निवडेन. कोणतीही असो, खेळून गरम झालेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी, गादीवर कधीही लावू नये आणि रात्रभर लावून झोपू नये.

ओढ्याकाठी

माझ्या दोन्ही मुलांचे ट्रक जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटचे होते आणि एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा ट्रक पळत असे, त्यावरून रोज भांडण होई. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट घेतल्यावर तो त्रास संपला. तुमच्या सोसायटीत आणखी मुले असतील, तर हे नक्की पाहा. खेळून झाल्यावर धुऱ्याभोवती गुंडाळलेले केस आणि गवत चिमट्याने काढण्याची सवय मुलीला लावा. ते मुलांना आवडते.

मुरमाड_मैदान

सर्वांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन तीन ट्रकांचे ट्रिगर अर्धे दाबून पाहिले. दोन एकदम उसळले, तिसरा मात्र मुंगीच्या पावलाने निघाला. तो १:१६ चा क्रॉलर आहे, त्यावर आयएसआय चिन्ह आहे आणि त्याचे गिअर मागवून देता येतील असे दुकानदाराने सांगितले. एकच शंका उरली आहे: ट्रक दगडात अडकला तर तिने काय करावे?

दातेरी_चाक

ट्रिगर लगेच सोडावा. अडकलेली मोटर फिरू शकत नाही, पण प्रवाह मात्र भरपूर ओढते आणि काही सेकंदांत तापते. थोडे मागे घेऊन दुसऱ्या बाजूने चढवावे, नाहीतर हाताने उचलावे. जुना ट्रकही तिच्यासमोर उघडा. झिजलेला गिअर तिने डोळ्यांनी पाहिला की ट्रिगर का सोडायचा हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.