शेतीसंरक्षण बंदुकीचं प्रशिक्षण: एवढा खर्च करावा का?

काजूवाला, दोडामार्ग

वडिलांनी गेल्या वर्षी सत्तरी ओलांडली. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-छरे ठासून भरायची बंदूक आहे, ती माझ्या नावावर करायला घेतली. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. पण शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही त्याच नियमांनी आणला, आणि तो माझ्याकडे मागितला गेला. जवळपास केंद्र नाही. दुसऱ्या जिल्ह्यात दोन दिवस जाऊन आलो. फी, एसटी, लॉज, जेवण, शिवाय ऐन मोहोरात बाग राखायला गडी ठेवला त्याची मजुरी, असे मिळून साडेनऊ हजार गेले. ही बंदूक विकली तर तेवढे येणार नाहीत.

तरी मी म्हणतो की पैसे सत्कारणी लागले. का, ते सांगतो.

पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्याने मला विचारलं, "तुझी बंदूक भरलेली आहे की रिकामी, कशी ओळखशील?" काडतुसाची बंदूक मोडून बघता येते, ठासणीची येत नाही. मी म्हटलं, केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, बसवलेली आहे का ते बघेन. तो म्हणाला, केप काढून ठेवलेली असेल आणि आत दारू नि छरे तसेच असतील, तर? मग त्याने ठासायचा गज नळीला बाहेरून लावला, केप बसते त्या बोंडापासून तोंडापर्यंत मापला आणि तोंडाशी येईल तिथे खिळ्याने चरा ओढला. रिकाम्या नळीत गज घातला, चरा बरोबर तोंडाशी आला. दारू, चिंधी, छरे, वर पुन्हा चिंधी ठासून गज घातला, तर चरा चार बोटं वर राहिला.

घरी आल्यावर वडिलांच्या गजावर तसाच चरा ओढला आणि गज नळीत सोडला. तो चार बोटं वरच थांबला.

बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असते. माझा मुलगा सातवीत आहे.

आता तुम्ही सांगा, हा खर्च प्रत्येक शेतकऱ्याने करावा का?

नदीपल्याड

वाचून अंगावर काटा आला. मुलगा सुखरूप आहे, यापुढे बाकीचं सगळं दुय्यम. पण तुमच्याच गोष्टीवरून माझं मत तुमच्या उलट होतं. तो धोका घरात आला कुठून? बंदुकीमुळेच ना? आधी धोका घरात टांगायचा आणि मग तो ओळखायला शिकण्यासाठी साडेनऊ हजार मोजायचे, हा हिशेब मला पटत नाही.

बागेचं त्यातून काय राखलं जातं ते बघा. रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. म्हणजे उरला फक्त आवाज. आवाजासाठी फटाका पुरतो. २००२पासून आपल्याकडे कर्नाटकातून हत्ती येतात. तिलारी खोऱ्यात ज्यांच्या माडांची आणि केळींची नासाडी झाली त्यांना विचारा, ठासणीच्या बंदुकीचा काय उपयोग झाला. हत्तीवर छरे झाडणं म्हणजे मरणाला बोलावणं.

निवडणुकांचंही बघा. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली. अख्खा काजूचा हंगाम गेला. विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे भातकापणीच्या तोंडावर. दोन्ही वेळा गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा. छाननी समितीकडे अर्ज करून बंदूक ठेवता येते म्हणतात, पण त्या अर्जामागे धावायला माणूस मोकळा हवा. नेमकी गरज असते तेव्हा जी वस्तू पोलीस ठाण्यात असते, तिच्या शिक्षणावर खर्च कशाला? तेच पैसे सौर कुंपणाच्या तारेला घाला. त्याला जन-वन विकास योजनेतून अनुदानही आहे.

वानरांनी जेरीस आलेला

सौर कुंपण डुकराला चालतं, हे मान्य. वानर फणसावरून उडी मारतो आणि तारेच्या आत येतो. माझं कुंपण तीन वर्षांचं आहे, नारळ एक राहिलेला नाही. फटाक्याला ते महिनाभर घाबरले, आता पाठ फिरवून बसतात. बंदुकीच्या बाराचा आवाज आणि बारूदीचा वास याला अजून बिचकतात.

निवृत्त सुभेदार

मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. बागायतदारालाही प्रशिक्षण हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त ते कशाचं हवं, हा प्रश्न आहे. नेम सगळ्यात शेवटी येतो.

एकच प्रसंग घ्या. पावसाळी हवेत दारू सर्द होते. चाप ओढला, घोडा पडला, केप फुटली, पण बार उडाला नाही. अशा वेळी न शिकलेला माणूस काय करतो? बंदूक खाली घेतो आणि नळी आपल्याकडे वळवून बघतो. आत ठिणगी धुमसत असेल तर त्याच क्षणी बार सुटतो. शिकलेला माणूस नळीचं तोंड होतं तिथेच ठेवतो, मिनिटभर हलत नाही, जवळ कुणाला येऊ देत नाही. ही सवय वाचून लागत नाही. पंचवीस-तीस वेळा हाताने करावी लागते, तेव्हा घाबरलेल्या अवस्थेतही हात आपसूक तसाच वागतो. दोन दिवसांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला बंदूक किती वेळ येत असेल? म्हणून मी खर्चाबद्दल तक्रार करणार नाही, तो पैसा नेमका कशावर गेला याबद्दल करीन. वर्ग तालुक्याला घ्या, खर्च निम्म्यावर येईल. आणि एक रात्र प्रत्यक्ष काजूच्या बागेत घ्या, कारण बंदूक चालते ती रात्रीच.

मालवणी माणूस

आमच्या आज्याक कोणी शिकवक इल्लो? तरी तेच्या हातसून कधी अपघात झालो नाय.

निवृत्त सुभेदार

तुमच्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं असणार. आधी नुसता गज धरायचा, मग बंदूक खांद्यावर घेऊन मागून चालायचं, आणि कितीतरी पावसाळ्यांनंतर पहिला बार. ते प्रशिक्षणच होतं, फी नव्हती एवढंच. आजचा मुलगा मुंबईत नाहीतर पुण्यात असतो, गणपतीला येतो आणि भिंतीवरची बंदूक खाली काढतो.

कुडाळची माहेरवाशीण

मला लिहायला जड जातंय, पण या धाग्यावर कुणीतरी हे बोलायला हवं.

माझ्या सख्ख्या भावाच्या मांडीत आणि कमरेत छरे आहेत. सगळे निघाले नाहीत. रात्री बागेत डुकरावर टपून बसले होते. तो लघवीला उठून गडग्याच्या पलीकडे गेला, परतताना पाला वाजला आणि चुलतभावाने बार टाकला. हा चुलतभाऊ नवखा नव्हता. वीस वर्षं बंदूक हाताळलेला, गावात त्याच्या नेमाचं नाव होतं. गजावरचा चरा, केप, दारू, सगळं त्याला ठाऊक होतं. त्या रात्री चौघे होते, दोघे प्यायलेले होते, आणि "राखण" हा नुसता शब्द होता. गेले होते ते सागोतीसाठी, म्हणजे मटणासाठी.

आपल्याकडे सावज समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या किती जणांना बंदूक चालवता येत नव्हती? येत होती म्हणूनच गोळी लागली. प्रशिक्षणात दारू पिऊन बंदूक घेऊ नका हे सांगत असतील. पण चौघांत एकटा उठून "मी येत नाही, बंदूकही देणार नाही" असं म्हणायची ताकद कुठल्या वर्गात मिळते? ती मिळत नसेल तर माझ्या लेखी साडेनऊ हजार आणि साडेनऊ रुपये सारखेच.

चुलतभाऊ अजून आमच्या डोळ्याला डोळा देत नाही. वहिनीने घरातली दुसरी बंदूक जमा करायला लावली.

रंकाळा

मी कोल्हापूरचा, एअर रायफल मारतो. ४.५ मिलिमीटरची कमी ताकदीची एअर रायफल, तिला परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तरी आमच्याकडे नवीन मुलाला पहिले काही दिवस गोळी देतच नाहीत. रायफल उचलायची, रोखायची, खाली ठेवायची. खाली ठेवली की नळीतून रंगीत दोरी ओवायची. दोरीची दोन्ही टोकं दिसली की लांब उभ्या माणसालाही कळतं की आत काही नाही. काजूवाल्यांचा चरा म्हणजे ठासणीच्या बंदुकीची ही दोरीच.

ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण रेंजवर एक गोष्ट रोज घडते. "थांबा" असं कुणीही ओरडलं, अगदी दहा वर्षांचं पोर जरी, तरी सगळ्या रायफली खाली जातात. मोठा नेमबाजही हुज्जत घालत नाही. गटात राहून, वर्षानुवर्षं येत राहून हे अंगी लागतं. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिसहून ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला, तेव्हापासून आमच्या भागात रेंजवर मुलांची रांग आहे. खर्च करायचाच तर सरकारने तालुक्याला एक साधी रेंज द्यावी आणि परवानाधारकांना वर्षातून दोनदा तिथे बोलवावं. एकदाच दिलेल्या दाखल्यावर माझा विश्वास नाही.

नदीपल्याड

तालुक्याला रेंज? आमच्या तालुक्यात सर्पदंशाची लस मिळेल की नाही याची खात्री नसते. पैसा एकाच खिशातून जातो हो.

वानरांनी जेरीस आलेला

आणि नुकसानभरपाईचा पंचनामा व्हायला किती हेलपाटे पडतात, तो खर्च कोण धरतो?

काजूवाला, दोडामार्ग

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या वर्गात दारू पिण्याबद्दल एक वाक्य होतं, पाटीवर लिहिलेलं. त्यावर कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. प्रशिक्षणाने सगळं साधतं असं मला वाटत होतं, ते आता तसंच म्हणता येणार नाही.

सुभेदारसाहेब, पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही विचाराल. बार उडवून बंदूक रिकामी केली नाही. दारू किती जुनी होती कोण जाणे. केप नाही याची खात्री केली, बोंडातून आणि तोंडातून पाणी सोडून दारू रात्रभर भिजवली, आणि सकाळी गावातल्या जाणत्या माणसाकडून आतली ठासणी उपसून घेतली. आधी चिंधी आली, माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची, काठ ओळखता येत होता. मग छरे, मग काळा चिखल.

वडील ओटीवर बसून बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या वर्षी डुकरं भातात शिरलेली, तेव्हाची असणार. तुझी आई आजारी पडली आणि राहूनच गेलं." आईला जाऊन चार वर्षं झाली.

म्हणजे चार वर्षं ती तशीच होती. मधल्या दोन निवडणुकांत ती ठाण्यात गेली, तिथून परत आली, तेव्हाही भरलेलीच असणार. जमा करताना आणि परत देताना कुणी गज घालून बघितलं नाही. नदीपल्याड, तुमच्या हिशेबात हेही धरा, कुठल्या बाजूला धरायचं ते तुम्हीच ठरवा.

परवाना अजून हातात आलेला नाही. आल्यावर बंदूक ठेवायची की जमा करायची यावर घरात रोज बोलणं चालू आहे, बायको जमा करा म्हणते. सध्या नळी, गज आणि केपांची डबी तीन वेगळ्या ठिकाणी कुलपात आहे. मुलाला बोलावून चरा दाखवला आणि त्याच्याच हाताने गज नळीत घालून घेतला.